पालथी लागलेली चादर

आई, आज मी तुझी सीट उसवून आले. विचारून उसवली, चोरून नाही, तेव्हा लगेच कपाळाला हात लावू नकोस.

मोटारींचा नाद असलेले ते शेठ गेले, आणि नातवंडांनी होटगी रस्त्यावरच्या शेडमधल्या त्यांच्या सगळ्या जुन्या गाड्या लिलावात काढल्या. शेजारच्या रिक्षावाल्यानं हे सांगितलं तेव्हा अप्पा खाटेवर बसल्या बसल्या हसायलाच लागले. "जा की मग, बघून ये. तुझ्या आईनं पालथी लावलेली चादर हाय का न्हाय अजून!" हे हसणं मी जन्मभर ऐकत आलेय. लग्न असो, बारसं असो, चार पाहुणे जमले की अप्पांची गोष्ट सुरू. एवढी हुशार बाई, रिक्षावाले लांबून लांबून हिच्याकडं कुशनं शिवून घ्यायला येतात, आणि शेठच्या परदेशी गाडीला हिनं चादर पालथी लावली! लोक पोट धरून हसायचे आणि तू खाली मान घालून आमटी वाढत राहायचीस. मी एकदा चिडून विचारलं होतं, तू काही बोलत का नाहीस? "हसू दे की. हसून कुनाचं काय जातंय," म्हणालीस आणि मला भाकरी उलटायला लावलीस. मला ते पटलं नव्हतं. तू गेलीस, तरी त्यांचं हसणं काही थांबलं नाही. म्हणून या खेपेला मी ठरवलं की काहीही होवो, ती सीट सुलटी करूनच परत यायचं. दाभण, कात्री आणि मेण लावलेला दोरा पिशवीत टाकला आणि रिक्षात बसले.

ते दिवस मला स्वच्छ आठवतात. गाडीच्या सीटचं चामडं फाटलेलं, तसलं चामडं इथं मिळेना, तेव्हा शेठ स्वतः आपल्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "बाई, आपल्या सोलापूरची चादरच लावा की हिला. बघू कोन काय म्हनतंय." अप्पांनी आपल्या मागावरच्या चादरी आणून तुझ्या मांडीवर टाकल्या. एका बाजूला निळ्यावर पांढरे मोर, पालथ्या बाजूला पांढऱ्यावर निळे. "माझ्या हातच्या हायत," म्हणाले, तेव्हा त्यांच्या केसांत सुताचा भुसा होता आणि चेहरा नवरदेवासारखा. मागची सीट दुसरीकडं कुठं मावेना म्हणून तू ती स्वयंपाकघरात घेतलीस. स्टोव्ह कोपऱ्यात सरकवला, आम्ही ओसरीवर जेवलो. पिठल्याचा हात मी तिला लावला म्हणून तू माझ्या पाठीत धपाटा घातलास, तो अजून आठवतो. मग शेठ आले. पाहतात तर सीटच्या अर्ध्या भागावर निळ्यावर पांढरे मोर आणि उरलेल्या अर्ध्यावर पांढऱ्यावर निळे. "अहो बाई, हे पालथं लागलं की!" तू म्हणालीस, "चुकलं मालक. घाईत झालं." शेठ मोठ्यांदा हसले, राहू दे म्हणाले. अप्पांनी कपाळावर हात मारला, आणि त्यांच्या गोष्टीचा जन्म त्याच दिवशी झाला.

शेडमध्ये आज जत्रेसारखी गर्दी होती. ताडपत्रीवर दिवे, चाकांच्या टोप्या, हॉर्नचे गंजलेले भोंगे मांडून ठेवलेले. माणसं ते उचलून वाजवून बघत होती. आपली गाडी भिंतीकडेला होती. बोनेटवर कबुतरांनी घाण केलेली, पण आत चादरीचे रंग अजून टिकून आहेत, आई. लिलाव पुकारणाऱ्याला मी सांगितलं, मला फक्त मागची सीट हवी. तो म्हणाला, "तसं जमत न्हाय ताई. गाडी हाय तशी, हाय तितं. घेनारा घेईल ती सगळीच घेईल." गाडी कोल्हापूरच्या एका माणसानं घेतली, माझ्याच वयाचा असेल. मी तडक त्याच्यापुढं जाऊन उभी राहिले आणि माझं म्हणणं सांगितलं. तो घाबरलाच. म्हणाला, "ताई, ही सीट बघूनच तर मी बोली लावली. ही चूक हाय हीच गंमत हाय हिची." मी म्हटलं, गंमत तुमची असेल, चूक माझ्या आईच्या नावावर आहे, आणि ती तिथून निघाल्याशिवाय मी इथून हलणार नाही. गाडी न्यायला आणलेला ट्रकवाला जेवून येईपर्यंत त्यानं मला मुभा दिली. माझ्या तोंडाकडे बघून दिली असावी.

मी फक्त पालथी लागलेली अर्धी बाजू उसवली. तुझे टाके निघता निघेनात, कोपऱ्यात तर दोनदा दाभण बोटात गेलं. कापड सुटलं, तशी मी चादर उलटून सुलटी बाजू वर घेतली. मधोमध हातभर रुंदीचा पट्टा बिघडलेला. मोरांच्या माना तुटलेल्या, वीण बसलेलीच नाही, निळे दोरे सुटे लोंबताहेत. आणि त्यावर तुझे बारीक टाके. तू निळ्या सुतानं ती वीण भरायला घेतली होतीस, निम्म्यावर सोडलीस आणि चादर पालथी केलीस, त्या अंगाला यातलं काही दिसत नव्हतं.

त्या वर्षी अप्पा बशीच्या बाहेर कप ठेवायचे. अंगठ्यानं चाचपून सुईत दोरा ओवायचे आणि चष्म्याचं नाव काढलं की अंगावर यायचे. आपल्या हातची म्हणून मिरवत आणलेल्या चादरीत हे दिसलं असतं, तर ते मागावर पुन्हा बसले नसते, आई. मी त्यांची लेक आहे, मला माहीत आहे. पुढं त्यांनी आपणहून चष्मा केला आणि कितीतरी वर्षं विणलं. तू मात्र प्रत्येक लग्नात त्यांचं हसणं ऐकत आमटी वाढत राहिलीस. मी त्या गाडीच्या पायरीवर बसून रडले. तुझा रागही आला, मला तरी सांगायचं होतंस.

मग डोळे पुसले आणि चादर होती तशी पालथी घालून शिवली. तुझ्याच भोकांतून दाभण काढत गेले, एक टाका इकडचा तिकडे केला नाही. कोल्हापूरचे गृहस्थ येऊन म्हणाले, "का हो ताई, तशीच ठेवली?" मी म्हटलं, हो, अशीच बरी आहे. ते खूश झाले.

घरी आले तर अप्पा दारातच. "झाली का सुलटी?" रिक्षात मी सगळं ठरवून आले होते, आता यांना एकदाचं सांगायचं म्हणून. त्यांच्या चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेली होती. मी म्हटलं, "उसवली अप्पा, पण शिवताना माझ्याकडनंबी पालथीच लागली." त्यांना इतकं हसू आलं की खोकला लागला. "आई तशी लेक!" पाणी पिऊन पुन्हा हसले. आता पुढच्या लग्नात आपल्या दोघींची गोष्ट होणार, तयारीत राहा.

हे पत्र घरात ठेवता यायचं नाही. अप्पा वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा सोडत नाहीत, चष्मा लावून वाचतात. सकाळी चुलीत घालेन. खरं सांगू? हे सगळं मला त्यांनाच सांगायचं होतं, आत्ता ते आत घोरताहेत तरी उठवून सांगावंसं वाटतंय. तुला लिहिलं, ते गप्प कसं बसायचं हे मला अजून येत नाही म्हणून.