गंगाफळाचा हर्रास

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

आज पुन्हा यांना "पाणी" म्हणायला लावलं. ओठ हलले, घाम फुटला, शब्द काही फुटला नाही. मग मीच रडले आणि यांनी डाव्या हाताने माझे डोळे पुसले. कोण कोणाची सेवा करतंय, कोण जाणे!

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. प्रभू, न्यायचंच होतं तर कान न्यायचे — तसंही माझं कुठे ऐकत होते! पण हर्रास पुकारणाऱ्या माणसाची वाचा? जऊळक्याच्या बाजारात भाजीचा लिलाव यांच्या आवाजावर चालायचा. पार स्टेशनावर ऐकू जायचा. तुझं गणित मला कळत नाही. राग येतो तुझा. लपवून काय उपयोग?

१३ नोव्हेंबर

वाशिमला दाखवून आणलं. डॉक्टर म्हणाले, "समजतं त्यांना सगळं. पाठ असलेलं एखाद्या वेळी बाहेर पडेलही. पण मनातला शब्द... सांगता येत नाही."

मीठ बंद ते बंदच. मीही अळणीच जेवते. नवऱ्यापुढे झणझणीत खाऊन प्रार्थनेला कोणत्या तोंडाने बसू?

१६ नोव्हेंबर, रविवार

पुढच्या रविवारी उपकारस्तुतीचा सण. शेतातलं, परसातलं पहिलं फळ चर्चमध्ये आणायचं आणि उपासना झाली की तिथेच त्याचा हर्रास. लग्न झाल्यापासून बघतेय, दरवर्षी हेच पुकारतात. यंदा माझ्या दिरांना, उदयसिंग भाऊजींना सांगितलंय.

पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतलं. "वहिनी, दौलतभाऊले घरीच ठेवता का? पाहून जीव तुटन त्यायचा."

"कायले? आणतो मी त्यायले!"

घरी येऊन प्रार्थना केली. प्रार्थना कसली, भांडणच! एक शब्द दे म्हटलं. यांच्या मनातला. माझं नाव दिलंस तर फारच बरं. मागणारीही मी शहाणीच — धडधाकट होते तेव्हा तरी कुठे नाव घेतलं? "अवं, आयकलं का" एवढ्यावर संसार झाला.

२३ नोव्हेंबर, रविवार

हालेलुया! आज सगळं लिहिणारच.

वेदीपुढे तुरीच्या शेंगा, कपाशी, पाय बांधलेला एक कोंबडा आणि आमच्या परसातलं घागरीएवढं गंगाफळ, चांगला लालबुंद भोपळा. भाऊजी पुकारायला उभे राहिले. माणूस लाखाचा, आवाज कवडीचा. कोणाची बोली कुठवर आली तेच विसरायचे. कोंबड्याच्या वेळी कोंबडाच जास्त ओरडला. यांचा डावा हात खुर्चीवर आपटायला लागला. मला वाटलं, काही दुखतंय.

मग गंगाफळ उचललं. भाऊजी म्हणाले, "एक बार..." आणि चष्मा शोधायला लागले.

तेवढ्यात माझ्या शेजारून — "दोन बार! तीन बार!"

खणखणीत! आणि डावा हात सरळ पलीकडच्या बाकावरच्या कमलीबाईंकडे!

कमलीबाईंनी बोली लावलीच नव्हती. बिचारीने पदर सावरायला हात वर केला होता. "अवं माय, मी कुठी मांगतलं!" म्हणाल्या, आणि दुसऱ्याच क्षणी रडायला लागल्या. "घेतो, दौलतभाऊ, घेतो! सारे गंगाफळं घेतो!" भाऊजी यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून लहान लेकरागत रडले. टाळ्या थांबेनात. पाळकसाहेबही उभं राहून टाळ्या वाजवत होते. मी तेवढी कोरडी होते. मला फक्त हसू येत होतं.

२४ नोव्हेंबर

सकाळी विचारलं, चहा हवा? "एक बार." गोळी घेता? "दोन बार." बरं, माझं नाव काय? तर हसून — "तीन बार!"

मीही हसले. मग न्हाणीत जाऊन रडले. डॉक्टर म्हणाले ते हेच. पाठ असलेलं.

पण मीही हर्रासवाल्याची बायको आहे, पहिल्या बोलीवर सोडत नाही. प्रभू, मागणं चालूच आहे.

२७ नोव्हेंबर

संध्याकाळच्या प्रार्थनेत यांनी भजनाची ओळ माझ्याबरोबर पूर्ण म्हटली. शेजारची हलिमा कुंपणावरून म्हणाली, "भाभी, भाई गाऊन राह्यले!"

"गाऊन राह्यले, बोलून नाई राह्यले."

"बोलतीन. तुमी कायले घाई करता?"

३० नोव्हेंबर, रविवार

कमलीबाई त्याच गंगाफळाची भाजी घेऊन आल्या. "भाऊच्या पथ्याची हाय, अळणीच केली." यांनी एक घास घेतला. तोंड वाकडं केलं. वाटी सरकवली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मीठ."

कोणी शिकवलं नव्हतं. कोणी विचारलं नव्हतं.

नाव मागितलं होतं, प्रभू, मीठ दिलंस. घेतलं! एक बार, दोन बार, तीन बार!