हिरवं कार्ड आणि लाल बटण

४ सप्टेंबर
आजपासून रोजनिशी. डॉक्टर म्हणाला, राग आला की ओरडू नका, लिहून काढा. ठीक आहे. शिवाय हा मोसम इतिहासात जाणार, आणि तो इतिहास क्लबच्या सेक्रेटरीवर सोडला तर माझं नाव चुकीचं छापेल. मागच्या वर्षीच्या पत्रकात छापलंच होतं.

संकल्प: राग बंद. पालिंका, म्हणजे फळांची दारू, बंद. पोगाचा, ती छोटी खारी पावरोटी, तीही बंद, बायको ओतिलिआने चीज घालून भाजली तरी.

टार्गेट: युरोपियन कप, शेवटचे आठ संघ. आमच्या बेरेकहाझा गावाचा महिला हँडबॉल क्लब बत्तीस वर्षांत तिथे पोचलेला नाही. अध्यक्ष सिल्वेस्टर (सॉसेजचा कारखाना, आवाजही तसाच जाड) म्हणाला, आठांत गेलात तर आणखी तीन वर्षं कोच तुम्हीच. नाही गेलात तर हातात नारळ. मी हसलो. तो हसला नाही.

बोर्बाला आमची कॅप्टन. वय छत्तीस, इथे चौदा वर्षं, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं. हा तिचा शेवटचा मोसम. आज म्हणाली, मास्तर, एकदा आठांत पोचवा, मग मी सुखाने शाळेत पोरींना कवायत शिकवेन. मी म्हटलं, निश्चिंत राहा, टाइमआउट माझ्या हातात आहेत. ती बुटांच्या नाड्या आवळायला लागली. विश्वास असा असतो.

१४ सप्टेंबर
हंगेरियन लीगची पहिली मॅच. जिंकलो.

माझी खरी ताकद टाइमआउट. एका मॅचला तीन. हिरवं कार्ड टाइमकीपरच्या टेबलावर ठेवायचं, शिटी होते, खेळ थांबतो, एक मिनिट मी बोलतो. माझं कार्ड वीस वर्षं जुनं आहे. ओतिलिआने लॅमिनेट करून दिलेलं. एक कोपरा मी चावलाय.

आज तिसरा घ्यायला निघालो. बाकापासून टेबल पाच पावलं. चौथ्या पावलाला बोर्बालाने गोल ठोकला. कार्ड परत खिशात. म्हणजे माझं कार्ड नुसतं दिसलं तरी मुली पेटतात.

एमोके म्हणाली, मास्तर, तिची पाठ होती तुमच्याकडे. एमोके माझी असिस्टंट, वय एकोणतीस, लॅपटॉप छातीशी धरून हिंडते. मी रागावलो नाही. फक्त पाण्याची बाटली लाथाडली. रिकामी होती.

२ ऑक्टोबर
युरोपियन कपवाल्यांचं पत्र. त्यांच्या मॅचना कार्ड चालणार नाही. प्रत्येक बाकाशेजारी लाल बटण. दाबलं की भोंगा, त्याच क्षणी घड्याळ बंद.

संताप. वीस वर्षं माणूस उठतो, चालतो, मान ताठ ठेवून कार्ड मांडतो. आता काय, लिफ्ट बोलवायची? निषेधाचं पत्र लिहिलं, चार पानं. टाइप करायला एमोकेला दिलं. तिने अर्धं पान केलं आणि 'नालायक' हा शब्द सगळीकडून काढला. पत्रात उरलं काय मग?

११ ऑक्टोबर
सराव. एकही पोरगी ऐकत नाही. मी सांगतो डावीकडून, त्या बोर्बालाकडे बघतात, ती भुवई उडवते, सगळ्या उजवीकडून जातात. गोलही करतात, हाच वैताग.

घरी ओतिलिआ भडकली. दाराची मूठ, फ्रिज, टीव्हीचा रिमोट, सगळीकडे राळ. मुली बोटांना राळ लावतात म्हणून चेंडू हाताला चिकटतो. तुमच्या हाताला का, तिने विचारलं, तुम्ही कुठे खेळता? मी म्हटलं, मी मनाने खेळतो. ती म्हणाली, मग मनाने दार उघडा.

हे पानसुद्धा आधीच्या पानाला चिकटलं.

१५ नोव्हेंबर
युरोपियन कप, स्लोव्हाकियात पहिली मॅच; दुसरी घरी, दोन्हींचे गोल एकत्र मोजतात. एका गोलने जिंकलो, २६–२५. बटण असताना.

एकविसाव्या मिनिटाला मी दाबलं. मला वाटलं चेंडू आपला. त्यांची मुलगी एकटी पळत सुटली होती, समोर फक्त आपली गोलकीपर. भोंगा, खेळ बंद. रेफ्रीने त्यांना पेनल्टी दिली. कोणत्याही बाजूने बघितलं तरी अन्याय. एमोके म्हणाली, मास्तर, चेंडू त्यांच्याकडे होता. मी म्हटलं, तो आपल्याकडे यायच्या बेतात होता. ती लॅपटॉपमध्ये बघत राहिली.

परतीच्या बसमध्ये मागच्या सीटवर हशा. कशावर, ते सांगेनात. कुणीतरी भोंग्याचा आवाज काढत होतं.

२२ नोव्हेंबर
घरच्या हॉलमध्ये ३०–२६. स्लोव्हाक गारद. दोन हजार माणसं, सूर्यफुलाच्या बियांच्या टरफलांचा जमिनीवर गालिचा. सिल्वेस्टरने मिठी मारली, सॉसेजचा वास. माझ्या कानात म्हणाला, बोर्बालाला जप.

माझं नाव कुठे आहे यात?

एमोकेने कागद दाखवला. मोसमातले माझे सव्वीस टाइमआउट. त्यानंतरच्या पहिल्या हल्ल्यात गोल: पाच. टाइमआउट नसताना आपली पोरं दोनात एक गोल करतात. कागद फाडला. मग कळलं, तिच्याकडे लॅपटॉपमध्ये दुसरा आहे.

६ डिसेंबर
शेवटच्या सोळांत डेन्मार्कचा संघ. उंच, शांत, सगळ्यांचे दात सरळ. त्यांना हरवलं की आठांत.

आज चूक सापडली. चूक निर्णयात नाही, वेगात आहे. स्लोव्हाकियात मी विचार केला आणि हात अर्धा सेकंद उशिरा गेला. पाच पावलं चालायची सवय, दुसरं काय. आजपासून बटणाचा सराव. ओतिलिआचं अंडी उकडायचं टायमर बटण म्हणून घेतलं, तिने टीव्हीसमोर टाळी वाजवायची, मी हाणायचं.

२० डिसेंबर
दिवसाला दोनशे वेळा. डोक्यात आलं की हात खाली. मधे काही नाही. टायमर फुटलं, दुसरं आणलं.

ओतिलिआ म्हणाली, अहो, किती लवकर दाबायचं ते जमलं, आता केव्हा दाबायचं तेही बघा. बायकांना हँडबॉल कळत नाही. (हे मुलींना सांगू नये.)

२५ डिसेंबर
पोगाचा खाल्ली. नऊ. सण आहे. पालिंकाही घेतली, सासऱ्याने आग्रह केला. सासरा वारलाय, पण बाटली त्याची.

१० जानेवारी
डेन्मार्क. हरलो, २४–२७.

कारणं: राईचा काळा पाव आणि त्यावर थंड मासा, तोही सकाळी सात वाजता. प्रेक्षक इतके सभ्य की स्वतःचं ओरडणं स्वतःला ऐकू येतं. रेफ्रीलाही आलं. आधी पिवळं कार्ड, मग माझ्यापायी आपली एक मुलगी दोन मिनिटं बाहेर. त्या दोन मिनिटांत तीन गोल खाल्ले. मी फक्त विचारलं होतं की तुझ्या आईला माहीत आहे का तू हे काम करतोस. त्याला हंगेरियन येतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

बोर्बाला बर्फाची पिशवी गुडघ्याला लावून बसली होती. म्हणाली, मास्तर, घरी चार गोलने जिंकायचंय, फक्त आम्हाला खेळू द्या. मी म्हटलं, त्यासाठीच मी आहे.

१७ जानेवारी, सकाळी ९
आज दुपारी चार वाजता. हिरवं कार्ड खिशात आहे, शुभ म्हणून. हात सैल. रक्तदाब बघितला नाही, उगाच आकडा डोक्यात राहतो. चार गोलने जिंकलो की आठांत. तीनने जिंकलो तर बरोबरी, मग पेनल्टी.

राग बंद. आज खरंच.

१७ जानेवारी, संध्याकाळी ७
बटण सदोष.

१८ जानेवारी
नीट लिहितो. अठ्ठावीस–पंचवीस. आठ सेकंद बाकी, चेंडू आपला, माझा एक टाइमआउट शिल्लक. हॉलमध्ये उभं राहायला जागा नाही. मला स्वच्छ दिसलं काय करायचं. डोक्यात आलं आणि हात खाली. पॉइंट चार सेकंद, आयुष्यातला सर्वोत्तम.

भोंगा.

चेंडू जाळ्यात होता. बोर्बालाने तेवढ्यात उडी मारली होती, दोन डॅनिश मुलींच्या मधून, त्या गुडघ्यावर. दोन हजार माणसं ओरडली म्हणून भोंगा निम्म्यांना ऐकूच आला नाही. आपल्या मुली एकमेकींच्या अंगावर. रेफ्री हात हलवतोय. भोंगा आधी, गोल नंतर. गोल रद्द. आपल्याच टाइमआउटने आपलाच गोल.

मिळालं काय, तर एक मिनिट. मुली रिंगण करून उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे बघत होत्या, मोसमात पहिल्यांदा सगळ्या एकदम. मी खिशातलं हिरवं कार्ड चाचपत राहिलो. एमोके बोलली. सात सेकंद उरले होते, डॅनिश मुलींच्या भिंतीत आपला फटका अडला. पेनल्टीत एकाने हरलो. बोर्बालाने आपली पेनल्टी जाळ्यात घातली.

कार्ड असतं तर मी दुसऱ्या पावलावर असतो.

१९ जानेवारी
बटण बनवणाऱ्यांना पत्र लिहायला घेतलं. टाइप कोण करणार?

सिल्वेस्टरचा फोन. मोसम संपेपर्यंत एमोके बघेल. तुम्ही विश्रांती घ्या. मी ओरडलो नाही. ओरडायला काही सापडेना, याचाच जास्त राग आला.

२१ जानेवारी
बेकरीवाल्याने पाव देताना काउंटरवरची घंटा दोनदा वाजवली. रांगेत सगळे छताकडे बघत होते. पाव तिथेच टाकून आलो. ओतिलिआ जाऊन घेऊन आली.

२४ जानेवारी
दुपारी बोर्बाला आली. मी आतल्या खोलीत गेलो, ओतिलिआने बाहेर ओढलं. वाटलं शिव्या देईल. तयारी केली होती, माझ्याकडे उत्तरं होती, बटणाबद्दल सात मुद्दे.

ती बसली, पाय लांब केला. शाळेची नोकरी सप्टेंबरपासून पक्की झाली म्हणाली. ओतिलिआने पोगाचा ठेवली, तिने दोन खाल्ल्या.

मग म्हणाली, मास्तर, रागावून नाही विचारत, पण झोप लागत नाही म्हणून विचारते. त्या टाइमआउटमध्ये तुम्ही आम्हाला सांगणार काय होतात?

मी सात मुद्दे विसरलो. खरं ते सांगितलं.

चेंडू बोर्बालाला द्या, आणि तिला मारू द्या.

तिने मांडीवरचे कण झटकले. मग उठली, लंगडत दारापर्यंत गेली, मूठ धरली आणि म्हणाली, राळ अजून चिकटतेय, मास्तर.