साखरपुड्यात राहिलेली चप्पल

मुलुंड, मार्च १९६८

तीर्थरूप दादांस, धाकट्या श्यामसुंदरचा शिरसाष्टांग नमस्कार. (खरोखर घालायला गेलो तर उठवायला दोघे लागतील, म्हणून कागदावरच घ्यावा.) तुमचा दमा आणि वहिनींचे गुडघे बरे असतील अशी आशा आहे. अक्षर जयंतीचं आहे, मजकूर माझा. का, ते पुढे येईलच.

तुमचं पत्र पोचलं. मी दारू सोडेपर्यंत तुम्ही माझ्या घराचा उंबरा चढणार नाही, असं लिहिलंत. आई-अण्णांच्या मागे तुम्हीच मला वाढवलंत, तेव्हा रागावण्याचा हक्क तुमचा. पण दादा, जी कधी धरलीच नाही ती सोडू कशी? कळवलं असणार आपल्या चुलतभावाने, शरच्चंद्राने. त्याचंही चुकलं असं म्हणवत नाही. घाटकोपरला त्याच्या मुलीच्या साखरपुड्याला मी भिंतीचा आधार घेत जिना चढलो, मसाला दूध व्याह्यांच्या कोऱ्या धोतरावर सांडलं आणि एकच चप्पल घालून घरी आलो. दुसरी कधी निसटली ते पायाला कळलंच नाही. दारूबंदीच्या राज्यात लोक याचा दुसरा काय अर्थ काढणार? इकडेही आरेच्या केंद्रावर माझ्या हातून दुधाच्या बाटल्या फुटू लागल्या, तसे शेजारीपाजारी माझ्याशी फार हळुवारपणे बोलू लागले. जयंती तर रोज संध्याकाळी शर्टाची बटणं काढून द्यायच्या निमित्ताने माझ्या तोंडाचा वास घ्यायची. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावरही बायको एवढी जवळ येते म्हणून मी आपला खुशीत. (हे वाक्य लिहायला ती तयार नव्हती.)

शेवटी तीच मला शहरातल्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेली, दारू सोडवायला. तिथल्या डॉक्टरांनी गुडघ्यावर छोटी हातोडी मारली, तर माझा पाय असा उडाला की त्यांचा चष्माच खाली. (लाथ मारायची हिंमत माझ्यात नाही हे तुम्ही जाणता.) मग बटणं काढायला-घालायला लावली, पाठीत औषध टोचलं आणि टेबलासकट मला खालीवर करून मानेचे फोटो काढले. मानेतली हाडं झिजून, वाढून आतल्या मज्जारज्जूला दाबताहेत, म्हणून हातापायांना निरोप नीट पोचत नाहीत. मला कणाच नाही असं तुम्ही नेहमी म्हणता. फोटोत तो आहे, उलट जरा जास्तच आहे. हे ऐकून जयंती तिथेच रडायला लागली. आजार कळला म्हणून की दारू नाही म्हणून, हे तिला अजून सांगता येत नाही.

सोमवारी ऑपरेशन आहे. गळ्याला पुढून छेद घेऊन दाबणारं हाड काढणार आणि माझ्याच कमरेच्या हाडाचा तुकडा मानेत बसवणार. गेलेली ताकद परत येईलच असं नाही, पण आणखी जाऊ नये म्हणून हे करायचं, असं डॉक्टर स्पष्ट बोलले. धोका विचारला तर "आहे" म्हणाले. तुम्ही मात्र काळजी करू नये. वाडीची कामं टाकून इतक्या लांब येण्याची मुळीच गरज नाही.

आपला,
श्यामसुंदर

ता. क. इस्पितळाचा उंबरा माझ्या मालकीचा नाही. तिथे आलात तर तुमचा शब्द मोडत नाही.

आणखी ता. क. एवढं माझ्या हाताने लिहितोय. अक्षर वाकडंतिकडं आलंय, पण प्यायलेलो नाही. दादा, मला भीती वाटते. रविवारीच या.