डिझेलच्या नळीवरची चीर

आई, त्या ट्रकबद्दल तुझ्याशी बोलायचं राहूनच गेलं. बाबा गेल्यावर सगळ्यांनी तुला ट्रक विकून टाकायला सांगितलं, आणि जो जो सांगायला आला त्याच्यावर तुझा संशय बसला. ह्याला स्वतःलाच हवा असेल, असं तू कप विसळताना पुटपुटायचीस. हिंजवडीला तेव्हा काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. बाबांच्या वेळचे ड्रायव्हरकाका कात्रजच्या घाटापलीकडून तिकडे खडी पोचवायचे, आणि माझं कॉम्प्युटरचं शिक्षण त्या खडीवरच चाललं होतं.

मग ट्रक कुरकुरायला लागला. सकाळी स्टार्टर नुसता कण्हायचा, दिवे मंद व्हायचे आणि भरल्या गाडीला घाटात ओढच राहायची नाही. गॅरेजवाल्याने नवी बॅटरी घालायला लावली, तरी तेच. आता स्टार्टर बदला म्हणाला, तेव्हा तू पदर खोचून विचारलंस, "अहो, डिझेलचं इंजिन एकदा सुरू झालं की त्याला बॅटरी लागत नाही ना? मग चढावर दम का जातो?" "ताई, जुनी गाडी आहे." "जुनी आहे, खुळी नाही," तू म्हणालीस. दोन रोग एकदम झाले म्हणजे कुणीतरी करतंय, हे त्या दिवशी तुझ्या डोक्यात बसलं. बॅटरीचे नट कुणी फिरवले तर कळावं म्हणून तू त्यांच्यावर खडूच्या रेघा मारल्यास. संध्याकाळी काकांकडून किल्ली मागून घ्यायला लागलीस. ते ती पुसून तुझ्या हातावर ठेवायचे.

रविवारी आपण तिघं घरासमोर. काका केबिनमध्ये बसलेत, मी पाने-पक्कड धरून उभी आहे, आणि तू जाड केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावून दुसरं थेट इंजिनाच्या लोखंडावर दाबतेस. "मारा हो स्टार्टर!" इंजिन एका झटक्यात सुरू होतं. म्हणजे बॅटरी चांगली, स्टार्टरही चांगला. बॅटरीकडून येणारी अर्थिंगची पट्टीच रंगाखाली गंजून गेलेली. खडूच्या रेघा जागच्या जागी. काका हसले, तू नाही. मग फिल्टरचा स्क्रू सैल केला, तर डिझेलबरोबर बुडबुडे येतात. टाकीकडून येणारी रबरी नळी चाचपत गेल्यावर क्लिपजवळ तुझ्या बोटांना चीर लागते. तिथून हवा ओढली जात होती, म्हणून चढावर दम जात होता. एवढंच होतं, आई. पण तू नळी काढून उन्हात नेलीस आणि चिरेवरून अंगठा फिरवत राहिलीस, ब्लेडची खूण शोधत. काका बघत होते.

ते खाली उतरले. "वहिनी, मला चोरीच करायची असती तर गाडी चालती ठेवली असती. बंद पाडून मला काय मिळणार?"

"मी तुम्हाला काही म्हटलंय का?"

"नाही म्हटलंत. तेच."

नवी नळी बसवून, घाटात एक फेरी मारून, ओढ परत आलीय एवढं सांगून त्यांनी काम सोडलं. तू थांबवलं नाहीस. नंतर आलेला ड्रायव्हर टाकीतलं डिझेल काढून बाहेर विकत होता, पण गाडी त्याने कधी बंद पडू दिली नाही. हे कळल्यावर तू काकांचा विषय काढला नाहीस. जेवण मात्र बरेच दिवस अर्धवट टाकून उठायचीस.

आता ऑफिसात दोन बिघाड एकदम आले की मीही आधी विचारते, शेवटचा हात कुणाचा लागला होता? हाताखालची पोरं माझ्याशी जपून वागतात. आता तूही नाहीस, हे पत्र कुठे टाकणार, घडी करून कपाटात ठेवीन. एक सांगते. काका काम सोडून गेले त्या दिवशी ती जुनी नळी मीही उचलून उन्हात धरली होती. रबर वाळून तडकलं होतं, बाकी काही नव्हतं. कापल्याची खूण सापडावी असं मला फार वाटत होतं.