कम्युनिकेशनमध्ये कमी

सोम., १३ जून २००५
सपोर्ट डेस्कच्या भरतीचा शेवटचा दिवस. कंपनीची बस दापोडीलाच अर्धा तास उशिरा, हिंजवडीच्या चौकात आणखी अर्धा. पोचले तर के. सर दारातच. "या, कांबळे मॅडम. आम्हाला वाटलं आज सुट्टीच घेतलीत."

लेखी परीक्षेत पहिला नासिर तांबोळी, कसबा पेठ. मुलाखतीला मीही होते. इंग्रजी नीटनेटकं, मराठी तर माझ्याहून शुद्ध. एक प्रश्न आला नाही तर सरळ म्हणाला, "हे मला येत नाही. दोन दिवसांत शिकून घेईन." मी दहापैकी नऊ दिले.

संध्याकाळी फॉर्म टेबलावर परत आले. तांबोळीच्या फॉर्मवर उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीचा ठिपका.

बुध., १५ जून
ठिपक्यांबद्दल इथे कधी लिहिलं नाही. आज लिहिते.
के. सर एचआरचे मॅनेजर, मी त्यांच्या हाताखाली. त्यांच्याकडून फॉर्म येतात तेव्हा काहींवर ठिपका असतो. ठिपकेवाला घ्यायचा नाही. मग मी खोडरबराने ठिपके खोडायचे आणि फॉर्म फाइलला लावायचे. ठिपका कशाचा ते मला कोणी सांगितलेलं नाही. शेख, पठाण, सय्यद, मध्ये एकदा एक डिसूझा. दोन वर्षांत कळतंच की.
खोडते मात्र छान. कागदावर वळसुद्धा राहत नाही.

शुक्र., १७ जून
तांबोळी आला होता. रिसेप्शनवर दोन तास बसून. सरांना विचारलं, काय सांगू?
"सांगा, कम्युनिकेशन कमी पडलं. ते सगळ्यांचंच पडतं."
खाली गेले, सांगितलं. चिडेल, वाद घालेल असं धरून गेले होते. त्याने खिशातून छोटी वही काढली आणि लिहून घेतलं! "थँक यू मॅडम. कोणी कारणच सांगत नाही हो. आपण सांगितलंत, आता सुधारता येईल. परत कधी येता येतं?"
सहा महिन्यांनी. नियम आहे.
"म्हणजे डिसेंबर. जानेवारीत मला पंचवीस पूर्ण होतात." ट्रेनीला वयाची अट पंचविशीच्या आतची. "एकच संधी मिळेल. पण मिळेल ना."
डबा तसाच घरी आणला. आई विचारत होती. पोट बरं नाही म्हटलं.

सोम., २० जून
सर जेवायला गेल्यावर माझी स्वतःची फाइल काढली. माझ्या फॉर्मचा कोपरा स्वच्छ. ठिपका नव्हताच, की होता आणि कोणाच्या तरी मनात आलं म्हणून खोडून मला घेतलं, कळायला मार्ग नाही. माझ्या आधी इथे ज्या बाई होत्या त्याही नीट खोडत असणार.
फाइल जागेवर ठेवली.

गुरु., २१ जुलै
परदेशी क्लायंटकडून प्रश्नावली आली. धर्म, वंश, लिंग यावरून नोकरीत भेदभाव होतो का? होय / नाही. भरायला माझ्याकडेच दिली. सर म्हणाले, "तुम्हीच भरा, तुमचं नावही खाली शोभून दिसेल. आपल्याकडे तुमच्या लोकांचा कधी प्रॉब्लेम आलाय का? तुम्ही आहात की."
तुमच्या लोकांचा. मी हसले. का हसले?
'नाही' वर खूण केली. सही केली.

रवि., १४ ऑगस्ट
बाबांना विचारलं. उगाच विचारल्यासारखं, भाजी निवडताना. कंपनीने एखाद्याला धर्मावरून नाकारलं तर काय करता येतं?
बाबा सरकारी कचेरीत बत्तीस वर्षं क्लार्क. संविधानाचं पुस्तक खाकी कव्हर घालून कपाटात, आजोबांच्या दीक्षेच्या फोटोखाली. कलमं तोंडपाठ. हातातली मेथी टाकून उठलेच. "कोण बोललं तुला? नाव सांग. आत्ता अर्ज लिहू." चष्मा शोधायला लागले.
माझं नाही बाबा. एक मुलगा आहे. तांबोळी.
चष्मा सापडला होता, तो त्यांनी परत ठेवला.
"सोळावं कलम सरकारी नोकरीचं. मी त्याच्यावरच लागलो. खाजगी कंपनीचं त्यात नाव नाही."
मग काहीच नाही?
"कोर्टात जायचं तर जाईल. पण पुरावा लागतो. त्याच्याकडे काय पुरावा आहे?"
पुरावा मीच झटकते टेबलावरून, खोडरबराच्या चुऱ्याबरोबर. हे बोलले नाही.
बाबा परत मेथी निवडायला बसले. मग खाली बघूनच म्हणाले, "तू त्यात पडू नकोस. मोठ्या मुश्किलीनं घरातलं कोणी तिथवर पोचलंय."
ज्या माणसाने मला पाचवीत असताना उद्देशिका पाठ करायला लावली, त्याने हे म्हणावं. राग आला, आणि लगेच कीवही. जेवताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मीही नाही.

रवि., १६ ऑक्टो.
मंडईत गेले होते. मागून हाक, "मॅडम!" तांबोळी. बरोबर त्याची आई. रोजे चालू आहेत, संध्याकाळसाठी फळं घ्यायला आलेले. वाळलाय जरा. पण काय उत्साह! संध्याकाळी इंग्रजी बोलायचा क्लास लावलाय. सकाळी आरशासमोर अर्धा तास बोलतो. हडपसरला एका छोट्या कंपनीत कायमची नोकरी मिळत होती, ती नाही म्हणून कळवलं. तिथे दोन वर्षांचं लिहून द्यावं लागत होतं, मग डिसेंबरला इकडे कसा येणार?
"अहो, घ्यायची होती ती," असं माझ्या तोंडून निघून गेलं.
"नाही मॅडम. आपण एवढं स्पष्ट सांगितलंत, आता मागे कशाला फिरू?"
आईला म्हणाला, "ह्याच त्या. खरं कारण सांगणाऱ्या."
त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "घरात पण इंग्रजीच बोलतो हो आता. मला काही कळत नाही, मी आपली येस येस करते." माझ्या पिशवीत चार सीताफळं घातली. मी नको नको म्हणत होते. "आमचा रोजा आहे, तुमचा नाही. खा."
तिथेच सांगायला हवं होतं. सीताफळांच्या पाट्यांमध्ये उभं राहून सांगता आलं असतं, तीन वाक्यं तर होती. त्या बाईंनी हात सोडला नाही आणि मला जीभ उचलता आली नाही.
फळं आईने सगळ्यांना दिली. मी खाल्लं नाही.

मंगळ., २२ नोव्हें.
धीर करून केबिनमध्ये गेले. म्हटलं, सर, जूनच्या परीक्षेत पहिला आलेला मुलगा परत येतोय. हुशार आहे. ह्या वेळी घेऊ या.
"येऊ दे की. आपण कोणाला अडवतो?"
सर, ठिपका...
पहिल्यांदाच तो शब्द मोठ्याने उच्चारला. त्यांनी पेन खाली ठेवलं. चिडले नाहीत, तेच वाईट. अगदी समजुतीने बोलले. "कांबळे मॅडम, माझ्या मनात काही नाही हो. माझा डॉक्टर मुसलमान आहे. पण टीममध्ये मुलांना मोकळं वाटायला हवं, क्लायंट आहेत, बाहेरचं वातावरण तुम्ही बघताय. उद्या काही झालं तर विचारणार कोणाला? मला. तुम्ही तरी समजून घ्या. तुमचं प्रमोशन मार्चमध्ये धरलंय मी."
मी "बरं" म्हणून बाहेर आले. बरं!

सोम., १९ डिसें.
मुलाखती. तांबोळी नवीन शर्टात. फॉर्मला क्लासचं सर्टिफिकेट जोडलेलं, 'उत्कृष्ट' शेरा. वीस मिनिटं बोलला, एकदाही अडखळला नाही. सर स्वतः म्हणाले, "व्हेरी गुड इम्प्रूव्हमेंट." त्याचा चेहरा असा फुलला की मला खिडकीबाहेर बघावं लागलं.
दहापैकी दहा दिले.
पाच वाजता फॉर्म आले. ठिपका आहे.
"ह्या वेळी कम्युनिकेशन म्हणता येणार नाही," सर. "तुम्हीच सुचवा काहीतरी. तुमचा हात चांगला आहे ह्यात."

मंगळ., २० डिसें.
'सर्व जागा भरल्या गेल्या आहेत.' हे मी सुचवलं. मी. पत्र टाइप केलं, पोस्टात टाकायला दिलं.
बाथरूममध्ये जाऊन रडले. कोणासाठी रडले ते मात्र सांगता येत नाही, कारण बाहेर येऊन तोंड धुतलं आणि खोडरबर घेतलाच. ठिपका खोडला. तेव्हा हात थांबला असता तर त्या रडण्याला काही अर्थ होता.

शुक्र., २३ डिसें.
पत्र पोचलं असणार. फोन वाजला की दचकते. रिसेप्शनला सांगून ठेवलं, कोणी भेटायला आलं तर मी मीटिंगमध्ये आहे.
बाबांनी विचारलं, "त्या मुलाचं काय झालं?" म्हटलं, जागा भरल्या. बाबांनी मान हलवली. आम्हा दोघांनाही ते उत्तर चाललं.

मंगळ., २७ डिसें.
आज फोन आला. टाळता आला नाही, थेट माझ्या टेबलावर.
आवाजात राग असता तर बरं झालं असतं. "मॅडम, पत्र मिळालं. जागाच नव्हत्या, त्याला आपण तरी काय करणार? आता माझं वय गेलं. हडपसरवाल्यांना विचारून बघितलं, त्यांनी दुसरा घेतला. असो. माझं सोडा."
मी नुसती हं हं करत होते.
"धाकटी बहीण आहे माझी. शबनम. कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला, वर्गात दुसरी. जूनमध्ये आपल्याकडेच फॉर्म भरणार म्हणते. मी तिला सांगितलंय, तिथे एक मॅडम आहेत, त्या खोटं सांगत नाहीत. सहा महिने आहेत हातात. तर एवढं सांगा, तिने कशाची तयारी करावी?"
शेजारच्या टेबलावर कोणीतरी प्रिंट काढत होतं. त्या आवाजाच्या आड मला काहीही सांगता आलं असतं. इंग्रजी सुधारा. आत्मविश्वास वाढवा. तोंडापर्यंत आलंही होतं, सवयीने. ते गिळलं.
म्हटलं, आत्ता बोलता येत नाही, उद्या अकराला करा. आणि तिलाही बसवा फोनजवळ.
"हो हो," म्हणाला, "ती वहीच घेऊन बसेल."