जर्मनचा गंज

लोहारा, यवतमाळ

राजदीपराव जावईबापूंस वामनरावाचा सप्रेम नमस्कार. तुमची तब्येत, दिपालीचा खोकला आणि साताऱ्याची थंडी, तिन्ही आटोक्यात असतील असं धरून चालतो. आम्ही ठीक आहोत. फक्त मागच्या शेडमध्ये पाऊल टाकायची हिंमत होत नाही. फोन सोडून पत्र लिहितोय, कारण सगळा घोटाळा फोननेच केला.

त्या दिवशी मी विचारलं होतं, 'जर्मनचा गंज आहे, वेल्डिंग जमेल काय?' आमच्याकडे जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम आणि गंज म्हणजे पातेलं. तुम्हाला वाटलं, सासऱ्यांनी जर्मनीची मशीन घेतली आणि ती गंजली. (माझ्या पेन्शनीवर तुमचा एवढा विश्वास पाहून बरं वाटलं.) तुम्ही ठणकावलंत, 'गंज आधी काढून टाका, तो असेपर्यंत हात लावू नका!' मी चक्रावलो, तरी शेडमध्ये जाऊन गॅसचं सिलिंडर जोडू लागलो. स्पीकरवर ऐकणाऱ्या तुमच्या सासूबाईंनी, म्हणजे पुष्पाने मात्र दारावरच्या भंगारवाल्याला गंज देऊनही टाकला. वर मलाच म्हणते, "जावईबापूच म्हणे ना काढून टाका! मंग ठेवू कायले?"

गंज परक्याचा. एका पाहुणीने लाडू भरून, मोठ्या भरवशाने दिलेला. कडीजवळ चीर पडली ती माझ्या हातून, आणि महिनाअखेरीस ती बाई तो न्यायला येणार. मी अनवाणी एमआयडीसीच्या रस्त्याने धावलो. भंगारवाल्या शकीलने गंज पालथा घालून हातोडा उचललाच होता.

"काका, जरा उशीर केला असता त ताटच नेलं असतं तुमी," तो म्हणाला.

घरी आणून चीर तारेच्या ब्रशने घासली, पुसली, श्वास रोखून गॅसची पेटती टॉर्च धरली. लोखंड निदान लाल होऊन बजावतं. जर्मन रुसलेल्या पाहुण्यासारखं चेहरा न बदलता बसून राहतं आणि एकाएकी उठून जातं. तसंच गेलं. चिरेच्या जागी आता लिंबाएवढं भोक आहे. (त्याच ब्रशने पुष्पा लोखंडी तवा घासते, हे नंतर कळलं. म्हणजे तव्याचा खराखुरा गंज मीच चिरेत चोळला.)

बाकी सर्व क्षेम. दिपालीस आशीर्वाद.

तुमचा,
वामनराव

ता. क. : पाहुणीचं नाव लिहायचं राहिलं. इंदुताई. होय, तुमच्याच मातोश्री.

ता. क. २ : तस्साच एक तिकडून पाठवा, त्यांच्याआधी पोचेल असा. दुकानात मात्र गंज मागू नका, पातेलं म्हणा.