कॅसेटच्या पाठीवरची चिकटपट्टी

प्रिय भाऊ,

तुझी तेरवी काल झाली. पाहुणे पांगले आणि वहिनीने एक जुनी पिशवी माझ्या हातात दिली. त्यात दुर्बिणीतून भरलेली तुझी ती कॅसेट होती. शाळेतल्या सरांनी मागितली आहे म्हणे, तुझ्या शोकसभेत मुलांना दाखवायला. "बाई, तुमच्या घरी आता टीव्ही हाये, एकदा लावून पाहून घेजा," असं वहिनी म्हणाली. म्हणून ती मी करडीला, सासरी, घेऊन आले, आणि म्हणूनच हे पत्र. तू जिवंत असतास तर समोर उभी राहून भांडले असते. तेवढीही सोय ठेवली नाहीस.

भाऊ, ती माझ्या लग्नाची कॅसेट होती!

तुझ्या दुर्बिणीचा राग मी कधी केला नाही. घरामागच्या सांदवाडीतला मायचा वालाचा मांडव काढून तू तिथे टिनाची खोली बांधलीस. छप्पर सरकवायला बाबांच्या बंद पडलेल्या हातमागाचे लाकडी रूळ वापरलेस. काच घासायला ड्रमभोवती गोल गोल फिरायचास, महिनोन्महिने. शेजारी हसायचे आणि माय त्यांच्याशी भांडायची. "माया पोरगा दारू तं नाही पीत ना? काच घासते, घासू द्या."

पहिल्यांदा शनी दाखवलास तो तिलाच. एक डोळा मिटता येईना तिला, पदराने झाकून घेतला. आणि म्हणाली, "अगा, हा तं बुगडीवानी दिसते!" तू किती हसला होतास! तेव्हा तू चांगला होतास रे.

मग माझं लग्न ठरलं. आपल्या आळीत व्हिडिओ शूटिंग पहिल्यांदा माझ्याच लग्नात झालं. खांद्यावर कॅमेरा घेऊन तो शूटिंगवाला फिरायचा, मागे एक जण दिवा धरून. लोक नवरीपेक्षा त्यालाच जास्त पाहत होते. आणि तू? तू त्याला कोपऱ्यात घेऊन विचारत होतास की अंधारात हा कॅमेरा किती पाहतो. मी हळदीच्या पाटावरून पाहिलं होतं सारं.

त्या हळदीतच माय होती. मला हळद लावताना, बायांना ओरडताना, स्वतःच्या हाताने स्वतःच्याच नाकाला हळद लागली म्हणून हसताना. बिदाईच्या वेळी ती तोंड लपवून आतल्या खोलीत बसली, म्हणून त्या भागात ती नाहीच. तिचा एकच फोटो आपल्याकडे आहे आणि त्यात तिने डोळे मिटलेत. चालती-बोलती माय फक्त त्या कॅसेटच्या पहिल्या तासात होती.

कॅसेट देताना शूटिंगवाल्याने पाठीवरचा प्लास्टिकचा छोटा तुकडा माझ्यासमोर मोडला. "बाई, आता याच्यावर दुसरं काही भरता येत नाही. बेफिकीर राहा." मी बेफिकीर राहिले. सासरी टीव्ही नव्हता, म्हणून कॅसेट माहेरी ठेवली. एकदाही लावून पाहिली नाही. माय समोर असताना तिला टीव्हीत कायले पाहायचं? माझीही चूक आहेच.

लग्नानंतरच्या पौषात शूटिंगवाल्याने तुला एका संध्याकाळपुरता कॅमेरा दिला. दुसऱ्या दिवशी त्याला शहापूरला काम होतं. भंडाऱ्यात कोरी कॅसेट मिळाली नाही. मृगातला तेजोमेघ तर डोक्यावर येणार होता! आणि घरात माझी कॅसेट होती. मग माघात माय गेली, आणि तिच्या दहाव्याला मी कॅसेट मागितली तेव्हा तू मान खाली घालून म्हणालास, "चुकून भरली गेली बाई. अंधारात समजलंच नाही."

मी मानलं. भाऊ, मी दोन वर्षं मानलं! कोणी तुला बोललं की मीच म्हणायची, चुकून झालं, त्याचा जीव जळत असेल.

काल कॅसेट हातात घेतली. मोडलेल्या तुकड्याच्या जागी चिकटपट्टी लावली आहे. कात्रीने नीट कापून, नखाने घट्ट दाबून. चुकून अशी पट्टी लागते का रे? तुला ठाऊक होतं की पट्टी लावल्याशिवाय त्यावर भरता येत नाही. म्हणजे तू आधी विचार केलास, मग कात्री शोधलीस, आणि मग मायला पुसलंस. आणि मला खोटं सांगितलंस.

आणि मिळालं काय? माझ्या नवऱ्याने वरठीहून व्हीसीआर आणला, आम्ही लावून पाहिलं. राखाडी मुंग्या नुसत्या. मधोमध चार-पाच पांढरे ठिपके, तेही सरकत सरकत कडेला जातात, मग तू दुर्बीण हलवतोस, पुन्हा मधोमध. तेजोमेघ कुठे आहे? तो त्या कॅमेऱ्याला दिसतच नव्हता. पहिल्या पाच मिनिटांत तुला ते कळलं असेल. तरी तू तासभर भरत राहिलास!

मी बंद करायला उठले आणि आवाज आला. मायचा.

कॅमेऱ्यात आवाजही भरला जातो, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. टिनाच्या दाराशी उभी असावी. आधी खोकली. मग म्हणाली, "बाबू, भात गरम हाये, दोन घास खाऊन घे. एवढ्या थंडीत कायले उभा राहून राहिला?"

आणि तू म्हणालास, "चूप राय ना वं माय! तुया आवाज भरून राहिला याच्यात."

ती चूप राहिली. तुझा तो तासभर मी शेवटपर्यंत ऐकला, टीव्हीला कान लावून. ती पुन्हा एक शब्द बोलली नाही. मधे एकदा खोकला दाबल्यासारखा आला, बस. तुझ्या ठिपक्यांचं नुकसान होऊ नये म्हणून ती आपला खोकला दाबत होती, आणि तिथून ती हलली नव्हती.

मला रडू आलं नाही. राग आला. अजून आहे. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. पण मेल्याने तू खरं बोललास असं थोडंच होतं?

सरांना दुर्बीण देऊ, काच देऊ, तुझ्या वह्या देऊ. मुलांना शनी दिसू दे. कॅसेट मी देणार नाही. तुझ्या मेहनतीचं कौतुक होत असेल तर होऊ दे, मी सभेत आडवं बोलणार नाही. पण उठून तुझ्याबद्दल चांगलंही बोलणार नाही.

आणि एक वचन देते. ती चिकटपट्टी मी आजच काढून टाकली आहे, आता त्यावर कोणी काही भरणार नाही. दर माघात मायच्या तिथीला मी ही कॅसेट लावीन. तिला खोकू देईन, "बाबू" म्हणू देईन, भात गरम आहे ते सांगू देईन. आणि तू तोंड उघडायच्या आत बंद करीन.

तुझी बहीण,
शकुन